दुरुस्ती हीच शाळा : दशाश्वमेधाचा दगड, चुना आणि उद्याचे कारागीर

(दशाश्वमेध घाट, वाराणसी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची संहिता)



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचं सारं आयुष्य शिकवण्यात गेलं. म्हणून आजचा विषयही शिकवण्याचाच निवडला आहे. मात्र ज्या विद्येबद्दल बोलणार आहे, तिची पाठ्यपुस्तकं फारशी नाहीत आणि तिचे गुरू बहुतेक वेळा सही करताना अडखळतात. दगड घडवण्याची आणि चुना करण्याची ही विद्या आहे. ती पुढच्या पिढीला कशी द्यायची, हा आजचा प्रश्न आहे. तो काशीत, दशाश्वमेधावर उभं राहून विचारावा असं वाटलं, कारण मराठी माणसाचं या पायऱ्यांशी असलेलं नातं नुसतं स्नानापुरतं नाही.

सध्याचा दशाश्वमेध घाट बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ साली बांधला आणि १७७४ साली अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुन्हा बांधणी केली, अशी नोंद आहे. इथून दक्षिणेला चार पावलं गेलं की शीतला घाट, त्यापुढे अहिल्याबाईंच्याच नावाचा घाट. आणखी पुढे मुन्शी घाट. तो नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. उत्तरेकडे मणिकर्णिका ओलांडली की शिंद्यांचा घाट, त्यानंतर भोसल्यांचा, आणि पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. तिथल्या वाड्यांत आजही मराठी कानावर पडतं. ज्या विश्वनाथाच्या दर्शनाला आपण येतो, ते मंदिर अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास उभं केलं.

ही यादी आपण अभिमानाने वाचतो आणि वाचावीच. पण तिच्यात एक गोष्ट येत नाही. १७४८ पासून आजवर पावणेतीनशेहून अधिक पावसाळे या पायऱ्यांवरून गेले. ज्यांनी पैसा दिला त्यांनी घाट एकदोनदा बांधला. तो उभा ठेवला तो पूर ओसरल्यावर पहार, टाकी आणि चुन्याचं घमेलं घेऊन खाली उतरणाऱ्या माणसांनी. मला आज एवढंच सांगायचं आहे की ही विद्या कधीच वर्गात टिकली नाही, ती दुरुस्तीच्या कामात टिकली. दुरुस्ती अखंड चालू राहिली की शिकणारे आपोआप तयार होत गेले आणि दुरुस्ती तुटली तेव्हा विद्याही तुटली. म्हणून नव्या पिढीला शिकवायचं असेल तर आधी तिला काम दिलं पाहिजे, आणि ते काम दरवर्षी, ठरलेल्या वेळी, न चुकता मिळालं पाहिजे.

नदी काय करते

गंगा घाटाला काय करते ते आधी पाहू. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. उन्हाळ्यात तीच नदी इतकी खाली जाते की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. म्हणजे एकाच घाटाच्या वरच्या पायऱ्या वर्षानुवर्षं कोरड्या, मधल्या काही आठवडे पाण्यात आणि खालच्या महिनोन्‌महिने बुडालेल्या असतात.

लोकांना वाटतं, पुराचं पाणी आदळतं म्हणून घाट खचतो. खरं नुकसान बरेचदा पाणी उतरताना होतं. पुरात घाटामागचा मातीचा भराव पाणी पिऊन जड होतो. नदी झपाट्याने उतरते, पण भरावातलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. ते आतून दगडांना ढकलतं आणि उघड्या सांध्यांतून वाट काढताना बारीक माती सोबत नेतं. पायरीखाली पोकळी होते. वरून काही दिसत नाही. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी दगड एका कोपऱ्यावर डुगडुगू लागतो. त्यावर पाणी साचतं, सांधा आणखी उघडतो आणि मग एका पायरीचं दुखणं दहा पायऱ्यांना लागतं. दगड स्वतःहून क्वचितच मोडतो, बहुधा त्याच्याखालचा आधार जातो.

याची साक्ष जवळच आहे. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला भव्य घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधावा लागला. त्याच्या शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं कललेलं मंदिर आपण सगळे पाहतो. काशीकडे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी नाना फडणीसांनी कर्मनाशा नदीवर पूल बांधायला घेतला, तेव्हाही वाळूत पाया धरेना. तो पूल पुढे इंग्रज अधिकारी जेम्स प्रिन्सेपच्या देखरेखीखाली, काशीच्या राजा पटनीमलांच्या पैशातून पुरा झाला. पैशाची कमतरता यांपैकी कुठेच नव्हती. नदीकाठी बांधणाऱ्याला आधी नदी वाचता आली पाहिजे.

आपल्याकडे ती वाचणारी माणसं होती. वाईला कृष्णेच्या काठी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराला मागून वळसा घालून पाहा. मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर येऊन दोन्ही बाजूंना फाकतं. हे कुणी ग्रंथात वाचून केलं नसणार. पिढ्यान्‌पिढ्या पूर पाहिलेल्या डोळ्यांनी ते केलं.

चुना समजून घ्यायचा तर

आता चुन्याकडे वळतो. शिकवण्याचा खरा कस इथेच लागतो.

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो कळीचा चुना हाती येतो, बाकीचे चव्वेचाळीस किलो हवेत जातात. ही कळी पाण्यात टाकली की पाणी खदखदायला लागतं. शिकाऊ मुलाला पहिला नियम इथे सांगायचा : पाण्यात कळी घालायची, कळीवर पाणी ओतायचं नाही आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हौदाजवळ फिरकायचं नाही. चुन्याचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो.

विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवतात. जितका मुरेल तितका तो मऊ आणि चिकट होतो. भिंतीत बसल्यावर तो हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. भट्टीत जे गमावलं ते भिंतीत परत मिळवतो. पण त्याला त्यासाठी हवा लागते आणि वेळही लागतो. मग ज्या पायऱ्या महिनोन्‌महिने पाण्याखाली राहतात, तिथे हा चुना कसा धरणार?

तो नुसता धरत नाही. म्हणून जुन्या गवंड्यांनी दोन वाटा काढल्या. गंगेच्या मैदानात जमिनीत कंकराचे खडे सापडतात. त्यांच्यात चुनखडीबरोबर चिकणमातीही असते. ती भाजली की मातीतली सिलिका चुन्याशी जुळते आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना मिळतो. दुसरी वाट सुरखीची. बेताची भाजलेली वीट कुटून तिची पूड चुन्यात मिसळायची. इथेही वीट ओळखता आली पाहिजे. अति भाजलेली खंगर वीट कुटली तर ती नुसत्या वाळूचं काम करते, चुन्याशी तिची गाठ बसत नाही. आणि शिकणारे हमखास चुकतात ती जागा अशी, की पांढरा चुना महिनोन्‌महिने मुरवावा, पण कंकराचा चुना मुरवत ठेवायचा नाही. तो ओला ठेवला तर हौदातच घट्ट होतो. तो दळायचा, कालवायचा आणि लगेच वापरायचा.

यात गूढ काही नाही. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिलेले आहेत. पाण्यात उत्तम घट्ट होणारा तो ‘अ’, पांढरा शुद्ध तो ‘क’, आणि कंकराच्या चुन्याला स्वतंत्र ‘ई’ वर्ग आहे. चुना, सुरखी आणि वाळू एकास एक एक हे प्रमाण जुन्या बांधकाम-तपशिलांत नेहमी भेटतं. नियमांच्या पुस्तकात चुना अजून जिवंत आहे. तो हातांतून गेला आहे.

हातांतून तो का गेला? पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ साली घेतलं गेलं आणि विसाव्या शतकात सिमेंट आपल्या गल्लीबोळांत पोचलं. नव्या इमारतीत सिमेंटने जे काम केलं त्याबद्दल त्याच्याशी भांडण नाही. पण वालुकाश्माच्या जुन्या पायरीच्या सांध्यात ते भरलं की काय होतं ते घाटावर डोळ्यांनी दिसतं. सिमेंट दगडाहून कठीण आणि पाण्याला अडवणारं. दगडात शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडाच्या तोंडातूनच बाहेर पडतं आणि क्षार मागे ठेवून जातं. दगडाला लोणा लागतो, कडा भुगा होऊन गळतात. काही वर्षांनी सिमेंटची रेघ उंचावलेली राहते आणि दोन्ही बाजूंचा दगड खोल गेलेला असतो. चुन्याचा सांधा दगडाहून नरम असतो आणि तसाच तो हवा. झीज त्याने सोसायची, दगडाने नाही. झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो. झिजलेला दगड परत मिळत नाही.

चुना दूर सारल्याचं मोठं उदाहरण गोव्यात आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकेचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि आतला जांभा उघडा ठेवला. तेव्हापासून पाऊस तो जांभा खातो आहे. जांभ्याला गिलाव्याची गरज असते हे कोकणातला आणि गोव्यातला गवंडी सांगू शकला असता. त्याला कुणी विचारायला हवं होतं.

एक पायरी बदलताना

शिकवणं कसं होतं ते दुरून सांगून कळणार नाही. एका पायरीजवळ जाऊ. दगड झिजून खोलगट झाला आहे आणि बदलायचा आहे.

हा दगड चुनारचा. चुनार इथून गंगेच्या वरच्या अंगाला आहे. सम्राट अशोकाचे स्तंभ ज्या वालुकाश्माचे, तोच हा. तो नदीच्या प्रवाहाबरोबर नावांतून खाली आणणं सोपं होतं. वालुकाश्म थराथरांनी बनतो. उस्ताद मुलाला आधी दगडाभोवती फिरायला सांगतो : थर कुठे आहे ते शोध. बारीक रेघा, रंगाची छटा, कडेला दिसणारा किंचित पापुद्रा यांवरून थर ओळखायचा. खाणीत दगड जसा आडवा होता तसाच घाटात आडवा बसवायचा. थर उभा करून बसवला तर काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात, आणि तो दोष दगडाचा नसतो, बसवणाऱ्याचा असतो.

मग दगडावर हातोडीने ठोकून पाहायचं. सलग दगड खणखणतो. आत चीर असेल तर आवाज दबलेला येतो. हे शिकवताना उस्ताद दोन दगड शेजारी ठेवतो, एक चांगला, एक चिरलेला, आणि मुलाला डोळे मिटून ऐकायला लावतो. हा धडा एका दिवसात येत नाही. पण एकदा आला की जन्मभर जात नाही.

नंतर घडाई. गुण्या लावून कोपरा, पाणसळीने पातळी, आणि पायरीच्या माथ्याला नदीकडे किंचित उतार. उतार जास्त झाला तर ओल्या पायाने माणूस घसरतो, कमी झाला तर पाणी साचतं. तो नेमका किती, हे मोजपट्टीपेक्षा हाताला लवकर कळतं. जुना दगड काढल्यावर उघड्या जागेत पहिलं काम म्हणजे खालची पोकळी शोधणं. काठी घालून, ठोकून पाहायचं आणि खडी-चुन्याने ती गच्च भरायची. घाईत हे टाळलं तर वरचा दगड कितीही देखणा बसवला तरी पुढच्या पुरात तो डुगडुगेल. मग जागा आणि दगड दोन्ही पाण्याने भिजवायचे, म्हणजे कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेत नाही. चुना पसरायचा, पहारीने दगड आणायचा, लाकडी मोगरीने ठोकत बसवायचा. आणि शेवटी ओलं गोणपाट पायरीवर टाकून रोज पाणी शिंपत राहायचं. चुन्याचं काम दगड बसला की संपत नाही. पुढचे काही आठवडे ते जपावं लागतं.

या एका पायरीत भूगर्भ आहे, रसायन आहे, भूमिती आहे आणि जबाबदारी आहे. असा धडा व्हिडिओ पाहून येत नाही. चुकलेला दगड पुन्हा उचलायला लावणारा उस्ताद शेजारी असावा लागतो.

साखळी का तुटली

ही विद्या बाप मुलाला देत असे. महाराष्ट्रात पाथरवटांकडे, वडारांकडे, बेलदारांकडे ती होती. काशीत संगतराशांकडे आणि राजमिस्त्र्यांकडे. ती जातीच्या चौकटीत टिकली आणि त्या चौकटीतच तिला मान मिळाला नाही. आज पाथरवट म्हणतो की माझा मुलगा या धंद्यात नको. आपण त्यावर हळहळतो, पण त्याचं कारण ऐकत नाही. वालुकाश्म घडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला उपचार नाही. ज्या बापाने आपल्या बापाचा खोकला ऐकला, तो मुलाला टाकी हाती देणार नाही आणि देऊही नये, जोपर्यंत आपण त्याला पाणी मारून दगड कापण्याची सोय, चांगला मास्क आणि दरवर्षी छातीची तपासणी देत नाही. नव्या पिढीला शिकवायचं तर आधी तिची फुप्फुसं सांभाळायची, हा या शाळेचा पहिला धडा असला पाहिजे.

दुसरं कारण निविदेत आहे. जुन्या वास्तूचं काम सर्वांत कमी दराला जातं. अनेकदा पैसा हिवाळा संपताना मंजूर होतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. चुन्याला ती तारीख कळत नाही. कंत्राटदार मग सिमेंटकडे वळतो, कारण ते दुसऱ्या दिवशी घट्ट होतं आणि त्यासाठी शिकलेला माणूस लागत नाही. काम संपलं की मजूर दुसऱ्या साइटवर जातो. तो जे शिकला असेल ते त्याच्याबरोबर जातं, कारण पुढच्या वर्षी त्याला परत बोलावण्याची व्यवस्था कुणीच केलेली नसते.

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या जतन-धोरणात पारंपरिक कारागिरांचं महत्त्व मान्य केलं आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत राजमिस्त्रीही आहे आणि मूर्तिकार-पाथरवटही. त्यात पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, पंधरा दिवसांचं प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. कारागिराला ओळखपत्र मिळालं आणि त्याच्या कामाला नाव मिळालं, हे मोलाचं आहे. पण पंधरा दिवसांत चुना ओळखता येतो, चुन्यावर हात बसत नाही. त्या प्रशिक्षणाच्या पुढची वर्षं कुणीतरी उचलली पाहिजेत.

जिथे साखळी टिकली

जगात काही ठिकाणी ही पुढची वर्षं उचललेली आहेत. जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी पूर्ण नव्याने बांधलं जातं. शेवटचं बांधकाम २०१३ साली झालं. वीस वर्षांचं हे चक्र शिक्षणाच्या दृष्टीने मोठं आहे. ज्या मुलाने पहिल्या वेळी लाकूड उचलून दिलं, तो दुसऱ्या वेळी मुख्य हात होतो आणि तिसऱ्या वेळी शिकवतो. तिथे बांधणं हाच अभ्यासक्रम आहे.

युरोपातल्या स्ट्रासबुर्ग, कोलोन, उल्म, व्हिएन्ना, ट्रॉन्डहाइम अशा ठिकाणच्या मोठ्या चर्चना स्वतःच्या कायमच्या कार्यशाळा आहेत. तिथले दगडकाम करणारे एका ठेक्यापुरते येत नाहीत, ते त्या इमारतीचेच असतात. एक टोक दुरुस्त होईतो दुसरं टोक जुनं झालेलं असतं, म्हणून काम कधी संपत नाही आणि शिकाऊ मुलं दरवर्षी येत राहतात. या परंपरेला युनेस्कोने २०२० साली जतनाच्या उत्तम पद्धतींच्या यादीत स्थान दिलं.

आपल्या देशातही उदाहरण आहे. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावर आगाखान ट्रस्टने जे काम केलं, त्यात छतावरून विसाव्या शतकात ओतलेलं सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हातांनी काढावं लागलं आणि चुन्याचं काम परत आणावं लागलं. रंगीत फरशांची कला इथे लोपली होती म्हणून उझबेकिस्तानातले कारागीर आले आणि शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतल्या तरुणांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली. एक मोठं, अनेक वर्षं चाललेलं काम मिळालं तर आपल्याकडेही हात तयार होतात. उणीव काम संपल्यानंतरची आहे. मोठा प्रकल्प संपतो, हात तयार झालेले असतात आणि पुढचं काम कुठे आहे हे कुणाला माहीत नसतं.

दशाश्वमेधाचं वर्ष

इथे दशाश्वमेध आपल्या मदतीला येतो, कारण त्याचं काम कधीच संपणार नाही. गंगा दरवर्षी चढणार आणि दरवर्षी उतरणार. ज्याला आपण संकट म्हणतो तेच या शाळेचं वेळापत्रक आहे. ते असं मांडता येईल.

आषाढ ते भाद्रपद नदी घाटावर असते. तेव्हा पायऱ्यांवर काम नाही, पण वरच्या शेडमध्ये काम भरपूर आहे. कळी विरवायची, पांढरा चुना हौदात मुरत घालायचा, चुनारचे दगड थर पाहून घडून ठेवायचे, आणि मुलांना नकाशा वाचायला, हिशेब ठेवायला, मानकं वाचायला शिकवायचं. पाणी उतरलं की पहिले काही दिवस नुसती पाहणी. गाळ उपसताना प्रत्येक पायरी ठोकून पाहायची, डुगडुगणारी, पोकळ वाजणारी, कड गेलेली अशी नोंद करायची आणि तीच नोंद पुढच्या वर्षी पुन्हा तपासायची. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी. तोवर घाट माणसांनी फुललेला असतो, म्हणून मोठं काम काढायचं नाही. मार्गशीर्ष ते फाल्गुन वरच्या आणि मधल्या पायऱ्या, मुरलेल्या चुन्यात सुरखी मिसळून. आरती, स्नान आणि यात्रेकरू यांना वाट ठेवून घाट पट्ट्यापट्ट्यांनी बंद करायचा. चैत्र-वैशाखात पाणी सर्वांत खाली असतं. तेव्हा खालच्या पायऱ्या, ताज्या दळलेल्या कंकराच्या चुन्यात, पहाटे आणि संध्याकाळी, उन्हात चुना वाळून जाऊ नये म्हणून गोणपाटाखाली. मग पुन्हा आषाढ.

असं एक वर्ष पुरं केलेल्या मुलाने चुना मुरताना, घट्ट होताना आणि पुराला तोंड देताना पाहिलेला असेल. तीन वर्षं केलेला मुलगा किंवा मुलगी गवंडी म्हणून उभी राहू शकेल. मुलगी हा शब्द मी विचार करून वापरतो. चुना मळण्याचं, सुरखी कुटण्याचं, दगड वाहून नेण्याचं काम बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे, पण थापी त्यांच्या हाती क्वचितच दिली गेली. या शाळेत ती दिली पाहिजे. जातीची अट नाही, शाळेच्या गुणपत्रिकेची अट नाही. आणि शिकवणाऱ्या उस्तादाला मजुरी नको, वेतन हवं. सही येत नसली तरी त्याला शिक्षकाचा दर्जा हवा.

मराठी समाजाने यात काय करावं? अहिल्याबाईंच्या जन्माला २०२५ साली ३०० वर्षं झाली. त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून देशभर जी बांधकामं केली, त्यांच्या नित्य खर्चाचीही तजवीज केली. बांधणं आणि सांभाळणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. आपणही मानू नयेत. काशीतल्या मराठी संस्थांनी, महाराष्ट्रातल्या देवस्थानांनी आणि होळकर, शिंदे, भोसले या नावांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी मिळून इथे मोजक्या शिकाऊ मुलांचं तीन वर्षांचं विद्यावेतन आणि दोन उस्तादांचं वेतन कायमनिधीतून उचलावं. त्यासाठी नवी भव्य इमारत लागत नाही. एक शेड, चुन्याचे हौद, चुना दळायची एक घाणी आणि दगड ठेवायला जागा लागते.

इथे तयार झालेले हात इथेच अडकणार नाहीत. नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदेच्या काठी बांधकाम चालू आहे. पंढरपूर, वाई, मेणवली, पुणतांबे, कुठेही नदीकाठी दगडी घाट आहेत आणि कुठेही सिमेंटच्या रेघा आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’चे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्या तटबंद्यांना चुना जाणणारे गवंडी कुठून आणणार, हा प्रश्न त्या दिवशीच उभा राहिला. काशीत शिकलेली मुलगी रायगडावर काम करील, आणि वाईत घडलेला मुलगा दशाश्वमेधावर.

शासनाकडे तीन मागण्या करून थांबतो. संरक्षित आणि वारसा-वास्तूंच्या दुरुस्तीची निविदा सर्वांत कमी दरावर ठरवू नका, कारागिराच्या हातावर ठरवा. अशा प्रत्येक कामात शिकाऊ उमेदवार ठेवणं बंधनकारक करा आणि त्यांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहा. आणि घाटांच्या देखभालीला ३१ मार्चची अट लावू नका, तिला नदीच्या वर्षाप्रमाणे निधी द्या. 

आपल्या पूर्वजांनी या घाटावर पैसा ओतला, कारण त्यांना वाटलं की गंगेच्या काठी ठेवलेला एक दगडही पुण्याचा आहे. तो दगड जागेवर ठेवणारा एक माणूस तयार करणं हे आजच्या पिढीचं तितकंच मोठं पुण्य आहे. या पावसाळ्यात हौदात पहिला चुना मुरत घालता येईल इतका निधी आजच्या सभेतच उभा राहावा, अशी माझी विनंती आहे. मी माझा वाटा व्यासपीठावरच देतो आहे. बाकीचा आपण सर्वांनी मिळून पुरा करू.